बर्फाचा डोंगर आणि गोदीचे कामगार



थंडी पडू लागली की आपल्या वस्तीतल्या तरुण मुलांच्या तोंडी मनालीचे, हिमालयाचे नाव येऊ लागते. कुणी कॉलेजच्या कॅम्पला जातो, कुणी कंपनीतल्या मित्रांबरोबर वर्गणी काढून निघतो. मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. वडील विचारतात, "हे श्रीमंतांचे शौक आपल्याला कशाला?" आणि आई विचारते, "काही बरेवाईट झाले तर?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आईवडिलांना घाबरट म्हणून ते उडवून लावणे बरोबर नाही. या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण स्कॉटलंड या देशाकडे पाहू. कारण तेथे बर्फावर चढण्याची कला ज्यांनी वाढवली, त्यांत जहाजे बांधणारे गोदी कामगार होते. आणि बर्फ माणसाला कसा मारतो, हा धडाही त्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

प्रथम तो डोंगर समजून घेऊ. स्कॉटलंडमधील सर्वात उंच डोंगर बेन नेव्हिस. उंची १३४५ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे आपले कळसूबाई त्याच्याहून तीनशे मीटरने उंच! मग एवढे भय कशाचे? भय आहे ते जागेचे आणि हवेचे. हा डोंगर पृथ्वीच्या खूप उत्तरेला आहे आणि अटलांटिक महासागराचा ओला वारा थेट त्याच्यावर येऊन आदळतो. १८८३ ते १९०४ या काळात त्याच्या माथ्यावर एक वेधशाळा होती. तेथे माणसे बाराही महिने राहून तासातासाला हवेची नोंद करीत. त्या नोंदींवरून दिसते की, माथ्यावरचे वर्षाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. डिसेंबरात तेथे दिवसाचा उजेड जेमतेम सात तास. दुपारी चारच्या आत अंधार! केर्नगॉर्म डोंगरावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २७८ किलोमीटर मोजला गेला. आपल्या एक्सप्रेस गाडीच्या दुपटीहून अधिक! अशा वाऱ्यात माणूस उभा राहणे तर सोडाच, रांगूही शकत नाही.

आता बर्फाकडे येऊ. आपल्याला वाटते बर्फ म्हणजे बर्फ. पण ज्याला त्यावर पाय ठेवायचा आहे त्याला त्याच्या जाती ओळखाव्या लागतात. नुकताच पडलेला बर्फ कापसासारखा असतो, त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. स्कॉटलंडात हवा शून्याच्या खालीवर होत राहते. दिवसा बर्फ थोडा वितळतो, रात्री गोठतो, पुन्हा वितळतो, पुन्हा गोठतो. असे अनेकदा झाले की तो सिमेंट धरल्यासारखा घट्ट होतो. त्यात बर्फकुऱ्हाड मारली की पक्की बसते. बुटाखाली बांधलेले क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दात्यांचे सांगाडे, त्यात नीट रुततात. चढणारे लोक अशा बर्फाची आठवडेच्या आठवडे वाट पाहतात.

याच्या उलट, वाऱ्याने आणलेला बर्फ दगा देतो. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या अंगाला नेऊन थापतो. तो थर वरून घट्ट व चांगला दिसतो, पण खालच्या थराला त्याने धरलेले नसते. आपल्यापैकी जे बांधकामावर आहेत त्यांना हे लगेच कळेल. भिंतीला नीट न धरलेले प्लॅस्टर ठोकर लागताच मोठ्या पोपड्याने खाली येते ना, तसेच हे. माणसाच्या वजनाने थर फुटतो आणि सगळा उतार माणसासकट खाली जातो. यालाच हिमस्खलन म्हणतात. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सर्वात घातक. आणि अडचण ही की, चालायला-चढायला मौज वाटते तो उतारही नेमका तेवढाच असतो.

दुसरा धोका कड्यावरचा. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ कड्याच्या काठावर साचत साचत बाहेर येतो, जशी चाळीची गॅलरी. पण या गॅलरीखाली तुळई नसते! धुके आले की आकाश पांढरे, जमीन पांढरी. कडा कुठे संपला आणि गॅलरी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना दिसत नाही. बेन नेव्हिसच्या माथ्यावरून धुक्यात उतरणारे लोक म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाहीत. ते होकायंत्र हातात घेतात. शिखरावरून नकाशावरील २३१ अंशांच्या दिशेने १५० मीटर चालायचे, पावले मोजायची आणि मग २८२ अंशांकडे वळायचे. एका बाजूला सरकले तर एका दरीत, दुसऱ्या बाजूला सरकले तर दुसऱ्या दरीत. जीव वाचतो तो पावलांच्या हिशेबावर. माझ्यासारख्या आकडेमोडीत जन्म घालवणाऱ्या कारकुनाला हे वाचून बरे वाटले!

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. हा शौक श्रीमंतांचा आहे काय? सुरुवातीला होता हे खरे. १८८९ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबात प्रामुख्याने वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी मंडळी होती. पण ग्लासगो शहराजवळचे क्लाइडबँक हे त्या काळी जहाजबांधणीचे गाव होते. तेथे 'क्वीन मेरी' ही प्रचंड बोट बांधली जात होती. मंदी आली आणि डिसेंबर १९३१ मध्ये तिचे काम बंद पडले, ते एप्रिल १९३४ पर्यंत. हजारो कामगार घरी बसले. मुंबईच्या गिरण्यांचा संप आणि नंतरची टाळेबंदी ज्या घरांनी भोगली आहे, त्यांना अशा दिवसांची कल्पना आहे.

त्या काळात ग्लासगो-क्लाइडबँकची बेकार पोरे शहराबाहेर डोंगराकडे निघू लागली. क्रेगॅलियन नावाच्या तळ्याकाठी त्यांची एक शेकोटी असे. येणाऱ्याने लाकूड टाकायचे, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या. गप्पा डोंगराच्या असत, तशाच राजकारणाच्या आणि मजुरांच्या हक्काच्याही असत. त्या शेकोटीभोवती बसणाऱ्यांपैकी काही जण पुढे स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध लढायलाही गेले. २०१२ साली त्या जागी स्मारक उभारण्यात आले आहे.

याच मंडळींतून १९३० साली 'क्रेग धू' हा कामगारांचा गिर्यारोहण क्लब क्लाइडबँकला निघाला. हॉटेलला पैसे नाहीत म्हणून ते गुहेत, मोठ्या खडकाच्या आडोशाला झोपत. या क्लबातील जॉन कनिंगहॅम हे जहाजबांधणीच्या कारखान्यात काम शिकलेले. १९५३ साली ते आणि त्यांचे मित्र हॅमिश मॅकिन्स थेट एव्हरेस्टकडे निघाले होते. जवळ पैसा नाही, हमाल नाहीत, सगळे ओझे स्वतःच्या पाठीवर! त्याच वर्षी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा या दोघांनी शेजारच्या पुमोरी शिखराकडे मोर्चा वळवला.

त्यापूर्वी स्कॉटलंडात बर्फावर चढायचे म्हणजे कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत जायचे, तासन् तास. कनिंगहॅम यांनी क्रॅम्पॉनच्या पुढच्या दात्यांवर उभे राहून, पायऱ्या न खोदता सरळ चढण्याची पद्धत तेथील बर्फावर रुजवली. १९७० साली त्यांनी बिल मार्च यांच्यासह केर्नगॉर्मच्या एका कड्यावर ती करून दाखवली. मॅकिन्स यांनी लाकडी दांड्याऐवजी संपूर्ण धातूची बर्फकुऱ्हाड तयार केली. जखमींना डोंगरावरून उतरवण्यासाठी त्यांनी बनवलेले घडीचे स्ट्रेचर जगभर वापरले गेले. १९६१ साली त्यांनी ग्लेन्को येथे बचाव पथक उभे केले. तेव्हा वडीलधाऱ्यांनो, ज्याला आपण श्रीमंतांचा शौक म्हणतो, त्याची हत्यारे आणि त्याचे कसब यांत कामगाराच्या हाताचा फार मोठा वाटा आहे.

त्या देशातील पुष्कळसा डोंगराळ मुलूख बड्या जमीनदारांच्या मालकीचा आहे. तेथे पायी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, असे २००३ सालच्या जमीन सुधारणा कायद्याने स्पष्ट लिहून दिले. चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्या आपल्या वाचकांना अशा लेखी हक्काची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आईचा प्रश्न. तो अधिक कठीण आहे. त्याचे उत्तर देताना लपवाछपवी करता येणार नाही.

नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिनबरा शहरातील एका शाळेची मुले केर्नगॉर्मच्या पठारावर दोन दिवसांच्या सहलीला गेली होती. त्यांच्या एका गटात सहा विद्यार्थी होते, सोबत वीस वर्षांची प्रमुख आणि अठरा वर्षांची शिकाऊ मदतनीस. वाटेत बर्फाचे वादळ आले. वरच्या एका लहान निवाऱ्यात पोचण्याचा त्यांचा बेत होता. तो निवारा गाठता आला नाही. मुलांना उघड्यावर दोन रात्री काढाव्या लागल्या. सोमवारी मदत पोचली तेव्हा पाच मुले आणि ती मदतनीस मुलगी मृत झालेली होती. एक मुलगा आणि गटप्रमुख एवढेच वाचले. सारी मुले पंधरा-सोळा वर्षांची!

त्या देशात मोठा गदारोळ झाला. मुलांना हिवाळ्यात डोंगरावर नेणेच बंद करा, असे अनेकांचे म्हणणे होते. आईबापाचे काळीज तसेच म्हणणार. परंतु चौकशीनंतर सहली बंद झाल्या नाहीत. मुलांना नेणाऱ्या माणसाचे शिक्षण आणि प्रमाणपत्र यांचे नियम कडक झाले. कुठल्या ऋतूत, कुठल्या वयाच्या मुलांना, किती उंचीवर न्यायचे याचा विचार होऊ लागला. पठारावरचे ते लहान निवारे काढून टाकण्यात आले, कारण त्यांच्या भरवशावर लोक वाईट हवेतही पुढे जात.

१९८८ च्या हिवाळ्यापासून तेथे हिमस्खलनाची माहिती देणारी सेवा सुरू झाली. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिची माणसे रोज डोंगरावर जातात, बर्फात खड्डा खणून थर तपासतात आणि उद्या कुठल्या बाजूचा उतार किती धोक्याचा आहे ते जाहीर करतात. ही माहिती कुणालाही फुकट मिळते. बचाव पथकातले लोकही स्वयंसेवक असतात, वाचवलेल्या माणसाकडून पैसा घेत नाहीत. जॉन कनिंगहॅम स्वतः पुढे शिक्षक झाले. १९८० साली वेल्सच्या किनाऱ्यावर समुद्रात पडलेल्या विद्यार्थ्याला वाचवायला गेले आणि त्यातच बुडाले.

आपल्याकडचे उदाहरणही विसरू नका. २५ मे २०१४ रोजी आताच्या तेलंगणातील मालावत पूर्णा ही शेतमजुराची आदिवासी मुलगी आणि साधनपल्ली आनंद कुमार हा दलित विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. पूर्णाचे वय तेव्हा अवघे तेरा वर्षे. दोघेही समाजकल्याण निवासी शाळेचे विद्यार्थी. पण ती दोघे गावातून उठून थेट एव्हरेस्टवर गेली नाहीत. आधी भोनगीरचा कातळ, मग दार्जिलिंगचे प्रशिक्षण, मग लडाखची थंडी, असे टप्प्याटप्प्याने त्यांना शिकवले गेले. ज्यांनी शिकवले, त्यांनी धोका कमी केला.

म्हणून आईवडिलांनो, मुलाने किंवा मुलीने बर्फाचे नाव काढले की एकदम 'नाही' म्हणू नका आणि डोळे मिटून 'जा' असेही म्हणू नका. जवळ बसवा आणि विचारा:

नेणारा कोण आहे? त्याने बर्फावरचे शिक्षण कुठे घेतले आहे? नुसता 'चार वेळा जाऊन आलाय' हे उत्तर पुरेसे नाही.

परत फिरण्याची वेळ ठरली आहे काय? शिखर दहा पावलांवर असले तरी त्या वेळेला मागे फिरायचे, हे सर्वांनी कबूल केले आहे काय?

अंगावर काय घालणार? सुती बनियन आणि जीन्स ओली झाली की अंगातली ऊब शोषून घेते. आत लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे हवेत, त्यावर वारा अडवणारे जाकीट. टोपी, हातमोज्यांचे दोन जोड आणि डोक्याला बांधायची बॅटरी.

बर्फकुऱ्हाड भाड्याने मिळेल. पण घसरल्यावर पालथे होऊन, तिचे टोक छातीच्या वजनाने बर्फात दाबून स्वतःला थांबवायचे कसे, हे शिकलास काय? सुरक्षित उतारावर याचा सराव दहा-वीस वेळा झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि शेवटचे, कुठल्या वाटेने जाणार व कधी परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवलेस काय?

या प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाकडे आहेत, त्याला खुशाल जाऊ द्या. ज्याच्याकडे नाहीत, त्याला सांगा, "बाळा, आधी शिकून घे, मग जा. डोंगर कुठे पळून जात नाही." आणि एखादे पोर अर्ध्या वाटेवरून परत आले, तर शेजाऱ्यांसमोर त्याची थट्टा करू नका. हवा ओळखून मागे फिरायला वर चढण्याइतकीच अक्कल लागते. त्याला गरम चहा द्या आणि काय पाहिले ते सविस्तर सांगायला लावा. धाकटी भावंडे ऐकत असतातच. पुढच्या खेपेला त्यांचीही पाळी येणार आहे.