धबधबा ‘शोधला’ म्हणू नका

‘हिडन वॉटरफॉल’ हे दोन शब्द मेळघाटच्या रीलवर दिसले की माझं डोकं फिरतं. हिडन कोणापासून? ज्या पायवाटेनं तुम्ही तिथवर पोचलात ती पाडली कोणी? ढोरं चारणाऱ्या पोरांनी, मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी, सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्यांनी. वाट त्यांची, नाल्याचं नावही त्यांनीच ठेवलेलं. आपण शनिवारी अमरावतीहून निघतो, वाटेत चिप्सचे पुडे घेतो, गावातल्या पोराला ‘ए, झरना किधर है?’ असं हिंदीत विचारतो आणि संध्याकाळी इंस्टाग्रामवर जाहीर करतो की आम्ही धबधबा शोधला. काहून राजेहो? हरवला होता का तो?

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत रस्ता धारणीला जातो. ही सातपुड्याची गाविलगड रांग. खापरा, खंडू, सिपना, गडगा, डोलार अशा पाच नद्या इथे वाहतात आणि सगळ्या शेवटी तापीला मिळतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. जुलै-ऑगस्टात यांना मिळणारा जवळजवळ प्रत्येक नाला कुठे ना कुठे कड्यावरून उडी घेतोच. रस्त्याकडेच्या गावात गाडी लावायची आणि अर्धा-पाऊण तास सागातून चालायचं. वर पांढरा फुलोरा, खालच्या पानांची अळीनं केलेली जाळी, पायाखाली चिखल, मग काळा दगड आणि एकदम तो आवाज. सुंदर असतं. मी कितीदा गेलोय, पुढेही जाणार आहे. त्यामुळे ‘जाऊ नका’ असं मी म्हणतोय असं कोणी समजू नये.

माझं भांडण वेगळं आहे. आपण ज्याला मान्सून सीझन म्हणतो, तो मेळघाटात सगळ्यात कठीण काळ असतो. घरातलं जुनं धान्य संपत आलेलं, नवं अजून शेतात. मजुरी बंद. नाले भरले की गावं तुटतात, लेकरं हगवणीनं आणि तापानं पडतात. 1993 साली इथल्या कुपोषणानं होणाऱ्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून समित्या आल्या, योजना आल्या, कोर्टात खटले चालले, आणि दर पावसाळ्यात तोच प्रश्न पुन्हा वर येतो. धारणी तालुक्यातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे राहायला गेले (2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली), तेव्हा हरिसालपासून चाळीस किलोमीटर चालत जावं लागे. चालणं म्हणजे ट्रेक, हा अर्थ आपला आहे. दवाखान्यासाठी चालणाऱ्याकडे त्याच्यासाठी निराळा शब्द नसतो.

आता त्याच नाल्यावर मे महिन्यात जाऊन पाहा. कोरडा दगड. चिखलदरा तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि हा विदर्भातला भरपूर पावसाचा तालुका! कारण पायाखालीच आहे. हा सगळा बेसाल्टचा उतार. वरची माती पातळ, खालचा खडक पाणी फारसं धरत नाही. पडलेला पाऊस घरंगळत तापीकडे निघून जातो. आपण ज्याचा स्लो-मोशन व्हिडिओ काढतो ते त्या गावाचं निघून चाललेलं पाणी असतं.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं सरकारी. बंदी घाला. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली आणि लगोलग पुणे जिल्ह्यात मनाई आदेश निघाले. माणसं मेल्यावर आदेश निघणारच, त्यात चूक काढत नाही. पण आदेश दगडावर उभा राहत नाही, तिथे माणूस लागतो. वरच्या टेकडीवर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी काही मिनिटांत चढतं. आधी पाणी गढूळ होतं, काड्या-पानं येऊ लागतात, आवाज जड होतो. ढोरं चारणारं दहा वर्षांचं पोरगंही हे ओळखतं. आपल्याला ओळखता येत नाही, कारण आपले कान ब्लूटूथमध्ये असतात.

दुसरं उत्तर जाणकार ट्रेकर मंडळींचं: लोकेशन सांगू नका, जागा जपा. ऐकायला सालस वाटतं. पण म्हणजे काय, तर आम्ही जायचं, तुम्ही नाही. आणि ज्याची जागा आहे तो या व्यवहारात कुठेच नाही, ना टॅगवाल्यांच्या, ना गुपितवाल्यांच्या.

माझी मागणी साधी आहे. गाभा क्षेत्राबाहेरच्या या वाटा ग्रामसभेच्या हातात द्या. (गाभ्यात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, रीलला कितीही लाइक पडोत.) धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, इथे पेसा लागू आहे. 2006 चा वनहक्क कायदा तर गावातली पाण्याची ठिकाणं आणि पाणलोट जपण्याचा अधिकार ग्रामसभेला स्पष्ट देतो. मग नाक्यावर गावाचा माणूस बसू दे. किती जणांना सोडायचं, कधी सोडायचं, बाटली परत आणली की नाही, वर ढग दिसले तर वाट बंद, हे त्यानं सांगावं. पैसे गावानं घ्यावेत, पावतीसह.

‘गावाला जमेल का?’ असं विचारणाऱ्यांनी मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर पाहून यावं. 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला, ओसाड टेकडी गावानं पुन्हा हिरवी केली, तिथली सीताफळं स्वतःच्या ब्रँडखाली मुंबईपर्यंत विकली. 2014 साली भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. जमतं. जमणार नाही असं आधीच ठरवून टाकलेल्या लोकांना तेवढं दिसत नाही. चिखलदऱ्यात सुमारे चारशे मीटरच्या काचेच्या स्कायवॉकची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. त्या उत्साहाचा शंभरावा हिस्सा एका पायवाटेच्या नाक्याला मिळाला तरी पुष्कळ होईल.

गर्दी वाढून लोणावळा होईल, ही भीती मला खरी वाटते. पण लोणावळ्यात नाक्यावर गाव बसलेलं नाही, तिथे दुकान बसलेलं आहे. दुकानाला आणखी माणसं हवी असतात. गावाला दुपारी त्याच नाल्यावर गुरं पाजायची असतात, म्हणून ते ‘आता बस’ म्हणू शकतं.

हरिसाल 2016 साली डिजिटल गाव म्हणून गाजलं होतं. तेव्हा यूपीआयची अडचण सांगू नका. समजा माणशी पन्नास रुपये आणि रविवारी दोनशे माणसं, म्हणजे दिवसाचे दहा हजार. त्यातून मार्चमध्ये वरच्या नाल्यावर दगडी बांध घालायचे की शाळेसमोरचा हापसा दुरुस्त करायचा, हे ग्रामसभेनं बसून ठरवावं. कोरकूतूनच ठरवावं. आपल्याला समजून घ्यायचं असेल तर आपण भाषांतर मागू.