उच्चार कोणाचा, कान कोणाचा?

चिनी माणसाचे इंग्रजी हा विनोदाचा एक हुकमी विषय होऊन बसला आहे. चित्रपटांतून, नकलांतून आणि अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींतून चिनी पात्र तोंड उघडते, ते जणू 'थँक्यू'चे 'सँक्यू' करण्यासाठीच. आम्ही मराठीचे अध्यापक. या विनोदाला आम्हीही हसलो आहोत, हे आधीच कबूल करतो. परंतु भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांनी हसून झाल्यावर तरी एक प्रश्न विचारावयास हवा : हा 'स' आला कोठून? त्याचे उत्तर शोधू लागले की ज्याला आपण 'दोष' म्हणतो तो एक नियम आहे, हे ध्यानात येते.

निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांच्या १९३९ साली, मरणोत्तर प्रकाशित झालेल्या स्वनिमविचारावरील ग्रंथात चाळणीची उपमा आहे. प्रत्येक माणूस परकी भाषा आपल्या भाषेच्या चाळणीतून ऐकतो. चाळणीची भोके जन्मभाषेने पाडलेली असतात. जे त्यांतून जात नाही ते जवळच्या एखाद्या आकारात बसवले जाते. म्हणजे प्रश्न जिभेच्या आधी कानाचा आहे.

मँडरिन चिनी भाषेची चाळणी कशी आहे? तिच्यात सूर सोडून मोजली तर सुमारे ४०० अक्षरे आहेत. अक्षराच्या आरंभी जोडव्यंजन येत नाही आणि अखेरीस 'न्' किंवा 'ङ्' (बीजिंगकडच्या बोलीत 'र्'सारखा ध्वनीही) यांखेरीज व्यंजन येत नाही. 'मा' या एका अक्षराचे सुरानुसार आई, ताग, घोडा आणि रागावणे असे अर्थ होतात. अशा भाषेत वाढलेल्या माणसापुढे इंग्रजीतला 'बॅड' आला की त्याला तीन वाटा उरतात : अखेरचे व्यंजन गाळणे, त्याचे अघोष करून 'बॅट'सारखे काही म्हणणे, किंवा पुढे एखादा स्वर जोडणे. 'ल' त्याच्या भाषेत आहे, पण अक्षराच्या आरंभी. म्हणून 'लंच' त्याला सहज जमते आणि 'स्कूल'चा शेवट मात्र 'स्कूओ' असा सैल पडतो. अडचण ध्वनीची नसून त्याच्या जागेची आहे. चिनी भाषेने इंग्रजी नावे स्वीकारताना हेच केले आहे : 'क्लिंटन'चे मँडरिन रूप 'खलिन्तुन' असे होते. आरंभीचे जोडाक्षर फुटले आणि प्रत्येक तुकडा चिनी अक्षराच्या मापाचा झाला. आपल्याकडे 'स्टेशन'चे 'टेसन' झाले, ते याहून वेगळे काय?

येथे मराठी वाचकाला एक लाभ आहे. मँडरिनमध्ये स्पर्शव्यंजनांचा भेद घोष-अघोष असा नसून अल्पप्राण-महाप्राण असा आहे. म्हणजे 'क' आणि 'ख' यांच्यातला, 'ग' आणि 'क' यांच्यातला नव्हे. तो आपल्याला उपजत कळतो. रोमन लिपीतला 'बी' आज चिनी लेखनात 'प'च्या जवळचा ध्वनी दाखवतो. जुनी मराठी पुस्तके 'माओ त्से-तुंग' लिहीत आणि नव्या रोमन लेखनावरून आता 'झेडाँग' लिहिले जाते. मूळ उच्चाराला जुनेच लेखन अधिक जवळचे आहे. त्यातला पहिला ध्वनी म्हणजे आपल्या 'चोर' या शब्दातला दंत्य 'च'.

आणि आता आरशात पाहू. इंग्रज माणूस 'किंग' म्हणताना आरंभी श्वासाचा झोत सोडतो, 'ख'कडे झुकतो. वाचकांनी तोंडासमोर तळहात धरून हा शब्द उच्चारून पाहावा. आपल्या 'किंग'ला हातावर वारा लागत नाही. चिनी माणसाच्या 'किंग'ला लागतो. या एका बाबतीत तो इंग्रजीला आपल्याहून जवळ आहे. तो 'थिंक'चे 'सिंक' करतो, आपण तेथे आपला दंत्य 'थ' बसवतो. इंग्रजांचा ध्वनी दोघांचाही नाही. दोघेही आपापल्या घरातले भांडे काढून देतात. आपल्या भांड्याला हसू येत नाही, कारण ते आपल्या ओळखीचे असते.

शिवाय 'चिनी उच्चार' असे एक काही नाही. हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत अक्षरान्ती 'प्', 'त्', 'क्' येतात, पण ते ओठांत वा टाळूशीच थांबतात, फुटत नाहीत. त्यामुळे 'कॅप' आणि 'कॅब' सारखेच ऐकू येतात. सिचुआन, हुनानकडच्या अनेक बोलींत 'न' आणि 'ल' यांचा घोळ होतो, म्हणून तेथल्या माणसाचे 'नाइट' आणि 'लाइट' सरमिसळतात.

तरीही प्रश्न उरतो : ही ढब समजण्याच्या आड येते काय? कॅनडातील मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली मँडरिनभाषकांचे इंग्रजी इंग्रजीभाषक श्रोत्यांना ऐकवून ते उतरवून घ्यावयास सांगितले. जी वाक्ये श्रोत्यांनी अचूक उतरवली, त्यांपैकी अनेकांना त्यांनीच 'परकी ढब फार' असा शेरा दिला. कळले पूर्ण, तरी खटकले! त्याआधी १९९२ साली अमेरिकेत डोनल्ड रूबिन यांनी एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातले व्याख्यान विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवले. एका गटासमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, दुसऱ्यासमोर आशियाई स्त्रीचे. दुसऱ्या गटाला नसलेली परकी ढब ऐकू आली आणि त्यांचे आकलनही कमी भरले. येथे जीभ निर्दोष होती. चाळणी श्रोत्याची होती, आणि तिची भोके पूर्वग्रहाने बुजलेली होती.

कोणी म्हणेल, मग उच्चार शिकवूच नये काय? अवश्य शिकवावा. शब्दान्तीची व्यंजने गळाल्याने अर्थ बिघडतो, आघात चुकल्याने श्रोता गोंधळतो. तेथे मेहनत घ्यावी. मुलाखतीत जग उच्चारावरून माणूस जोखते, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु न समजणे आणि न आवडणे या दोन गोष्टींना एकाच लाल शाईने खूण करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे आम्हांला दूरच्या चीनपुरते ठेवता येत नाही. आमच्याच वर्गात 'पानी' आणि 'लोनी' म्हणणारा विद्यार्थी वाचावयास उभा राहतो तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि आम्ही पुष्कळदा ती पिकू देतो. त्याच्या बोलीच्या चाळणीत 'ण' नाही, इतकेच घडलेले असते. कवितेचा अर्थ त्याने नेमका सांगितलेला असतो. तोंडी परीक्षेत अशा मुलाचे गुण आम्हीही कापले आहेत. ते परत देता येणार नाहीत. पुढच्या परीक्षेस बसताना मात्र त्याच्या जिभेआधी आपला कान तपासावा, असे आम्ही ठरवले आहे.