झाडं मोजणाऱ्या रसिकांनो

युद्धाच्या जुन्या सिनेमांवर लिहिणाऱ्या रसिकांचा एक लाडका खेळ आहे. खोटी जागा पकडायची. जॉन वेनचा 'द ग्रीन बेरेट्स' (१९६८) घ्या. गोष्ट व्हिएतनामची, शूटिंग अमेरिकेतल्या जॉर्जियात. शेवटी सूर्य समुद्रात मावळतो, आणि दा नांगचा समुद्र तर पूर्वेला. रसिक टाळ्या देऊन हसतात. कुब्रिकनं 'फुल मेटल जॅकेट' (१९८७) साठी लंडनच्या बेक्टनमधल्या बंद पडलेल्या गॅस कारखान्यात ह्युए शहर उभं केलं, स्पेनहून पामची झाडं आणली. रसिक लगेच झाडाची जात सांगतात.

झाडाची जात बरी ओळखता हो! माणसं गायब झाली ती दिसत नाहीत?

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). डेव्हिड लीनचा. सात ऑस्कर. मी दोनदा पाहिलाय. पूल उडतो तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. नदी सयामची म्हणून दाखवलीय, ती आहे सिलोनची केलानी. गाव कितुलगल. असू दे. सोंगाशी माझं भांडण नाही. आमच्या तमाशात एक फेरा मारला की पुण्याहून दिल्ली येते, कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

भांडण दुसरंच आहे.

ती रेल्वे खरी होती. सयाम ते ब्रह्मदेश, ४१५ किलोमीटर. जपान्यांनी १९४२ साली काम काढलं, ऑक्टोबर १९४३ मध्ये रूळ जोडले. दोस्त राष्ट्रांचे साठ हजारांवर युद्धकैदी तिथं राबले, त्यांतले बारा हजारांवर मेले. वाईट मेले. त्यांच्या मरणाला मी कमी लेखत नाही. पण त्याच रुळांवर मलायातले तमिळ, ब्रह्मी, मलाय, जावाचे मजूर होते. दोन लाखांच्या आसपास. त्यांतले मेले किती? नव्वद हजारांच्या घरात. हा अंदाज आहे. मेलेल्या मजुरांची नोंद ठेवायची गरज कुणाला होती? कांचनबुरीत कैद्यांची दफनभूमी आहे. सात हजारांच्या आसपास थडगी, नीट कापलेली हिरवळ. मजुरांच्या वाट्याला खड्डे. पटकीनं मेला, ढकल खड्ड्यात.

हे तमिळ मलायात आले कुठनं? इंग्रजांच्या रबराच्या मळ्यांवर राबायला नेलेले. त्यांतले कितीतरी अस्पृश्य जातींचे. साहेब पळाला, जपानी आला. आधी मजुरीचं गाजर, मग सरळ धरपकड.

आता सिनेमा पुन्हा बघा. पूल बांधतात गोरे. शिस्तीत, ताठ मानेनं, शीळ घालत. आशियाई माणूस एक तर जपानी पहारेकरी, नाहीतर कमांडोंचं ओझं वाहणाऱ्या देखण्या बाया. नव्वद हजार मेलेले कुठं गेले? कात्रीत कापले म्हणावं, तर आधी कॅमेऱ्यासमोर तरी यायला हवे होते.

आणि गंमत बघा, रसिकहो. ज्या सिलोनात कॅमेरा लावला, तिथल्या डोंगरांत चहाच्या मळ्यांवर तमिळ मजूर राबतच होते. तेही इंग्रजांनीच नेलेले, त्यांतलेही कितीतरी अस्पृश्य. १९४८ च्या कायद्यानं त्यांच्यातल्या लाखोंना नागरिकत्व नाकारलं होतं. रुळांखाली गेलेल्यांचे भाऊबंद तिथंच होते, जिवंत, बिनदेशाचे. जागा तर नेमकी सापडली होती! कॅमेरा तेवढा तिकडं वळला नाही.

सिनेमाची ताकद कमी समजू नका. खरा पूल होता मे क्लोंग नदीवर. प्रवासी क्वाय नदी विचारत यायला लागले, तेव्हा १९६० साली त्या पात्राचं नाव बदलून ख्वे याई केलं. अख्ख्या नदीला सिनेमाचं नाव घ्यावं लागलं. पटकथा लिहिली मायकल विल्सन आणि कार्ल फोरमन यांनी, पण दोघंही हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणून ऑस्कर गेलं मूळ कादंबरीकार पिएर बूलला. दोघांचा मान त्यांना परत मिळाला मेल्यावर, ऐंशीच्या दशकात. चांगलं झालं. म्हणजे पुसलेलं नाव परत लिहिता येतं, लिहायची इच्छा असली तर.

मला हे खुपतं, कारण हे आमच्या ओळखीचं आहे. भोर घाटातल्या रेल्वेनं तुम्ही पुण्याला जाता. १८६३ साली तो मार्ग सुरू झाला. कंत्राटदारांची नावं पुस्तकांत सापडतात. बोगदे फोडताना, पाट्या वाहताना मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा. सांगा की!

तेव्हा खोट्या नद्या, चुकीचे सूर्यास्त खुशाल पकडा. बारीक डोळा वाईट नाही. फक्त तोच डोळा चौकटीतल्या मजुरीवर लावा. पूल दिसला की विचारा, ओंडके कुणी ओढले? घाट दिसला की विचारा, सुरुंगानं कोण उडालं? थडगी दिसली की विचारा, ज्यांना थडगं नाही ते कुठं पुरलेत?

झाडं मोजून झाली असतील, तर आता माणसं मोजायला घ्या.