पील विकण्याआधी 'नाही' म्हणायला शिका



मागच्या बॅचमध्ये एका मुलीने मला विचारलं, "ताई, पार्लरमध्ये केमिकल पील सुरू करू का? फेशियलचे लोक पाचशे देताना घासाघीस करतात, पीलचे पंधराशे मुकाट देतात." प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. सुरू करा, पण सौम्य पीलच करा. आणि समोर आलेल्या गिऱ्हाईकाला "तुम्हाला हे नको" असं सांगून परत पाठवायची तयारी नसेल, तर सुरूच करू नका.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. माझ्या काउंटरवर घडलेल्या गोष्टीवरून सांगतेय.

करावे गावात माझं कॉस्मेटिक आणि पार्लरच्या सामानाचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी एक एजंट ग्लायकोलिक पीलच्या बाटल्या ठेवून गेला. वर मोठ्या अक्षरात ५० टक्के. पीएच लिहिलेला नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. मला तेव्हा एवढंच दिसलं की ६५० ला विकली की २१० रुपये सुटतात. बीबीएमध्ये मार्जिन काढायला शिकवलं होतं, बाटली वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

ओळखीच्या एका पार्लरवाल्या ताईने ती नेली. तिच्याकडे बावीस वर्षांची एक मुलगी आली. चेहऱ्यावर पिंपल्स, त्यांचे जुने डाग, आणि भावाची हळद सहा दिवसांवर. मुलगी घरी मेडिकलमधून आणलेली कसलीशी क्रीम लावत होती. ताईने विचारलं नाही, मुलीने सांगितलं नाही. पील पाच मिनिटं ठेवलं. संध्याकाळी चेहरा लाल झाला, तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर काळपट चट्टे. हळदीच्या फोटोंत ती मुलगी सगळ्यांच्या मागे, ओढणी गालापर्यंत ओढून उभी आहे. ते चट्टे फिके व्हायला पाच महिने लागले.

मुलीची आई दुकानात आली. भांडली नाही. बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "ही तूच विकलीस ना?"

मी नुसती मान हलवली. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आपल्या त्वचेचं गणित वेगळं आहे

पील म्हणजे काय, ते साध्या भाषेत समजून घ्या. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात. आम्ल ती चिकट पकड सैल करतं, पेशी सुटतात, खालची नवी त्वचा वर येते. सौम्य पीलचं काम एवढंच. आम्ल त्याच्या खाली उतरलं की त्वचेला इजा होते.

आणि आपली सावळी-गव्हाळ त्वचा इजेला कसं उत्तर देते? रंगद्रव्य जास्त तयार करून. म्हणून पिंपल गेला तरी डाग राहतो, भाजलं की काळं पडतं. पील कडक झालं तर तेच. जो डाग घालवायला गिऱ्हाईक आलं, तोच मोठा होऊन घरी जातो. गोऱ्या त्वचेवरचे 'आधी-नंतर' फोटो बघून आपला मेन्यू ठरवू नका.

आता आम्लं बघा. ग्लायकोलिक उसात सापडतं. पण उसातलं म्हणून ते गोड समजू नका. या गटात त्याचा रेणू सगळ्यात लहान, त्यामुळे ते भरभर आत शिरतं. वेळ संपली की ते न्यूट्रलाइज करावं लागतं. लॅक्टिक दुधा-दह्यातलं, थोडं मऊ, कोरड्या त्वचेला बरं. मँडेलिक कडू बदामातलं. त्याचा रेणू ग्लायकोलिकच्या जवळपास दुप्पट वजनाचा, म्हणून ते सावकाश आत जातं आणि आग कमी करतं. संवेदनशील आणि डाग पडणाऱ्या त्वचेसाठी माझी पहिली पसंती हेच. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या रोमछिद्रात शिरतं. तेलकट, पिंपल्सवाल्या चेहऱ्याला ते उपयोगी. पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांना आणि गरोदर बाईला ते करायचं नाही.

टक्केवारीवर फसू नका. टक्के तेवढेच असले तरी पीएच खाली गेला की तेच आम्ल जास्त कडक होतं. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक घटकांच्या तज्ज्ञ समितीने ग्लायकोलिकसाठी मर्यादा दिली आहे. घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५. प्रशिक्षित व्यक्तीने सलूनमध्ये थोडा वेळ लावून धुवायचं असेल, तर ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३. म्हणजे मी विकलेली ५० टक्क्यांची बाटली पार्लरची नव्हतीच. आणि ज्या बाटलीवर पीएच नाही, तिच्याबद्दल आपल्याला अर्धीच माहिती आहे.

कोणाला परत पाठवायचं

हे एका कागदावर लिहून खुर्चीसमोर चिकटवा. मोबाईलमध्ये सेव्ह केलेला फोटो ऐन वेळी कोणी उघडत नाही.

- पिकलेले, पू असलेले पिंपल्स, उघडी जखम किंवा ओठाजवळ तापाचे फोड
- पिंपल्सच्या गोळ्या चालू असलेले, ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीनसारखी क्रीम लावणारे
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका
- जखमेचा जाड वण उठतो अशी त्वचा
- गेल्या आठवड्यात ब्लीच, वॅक्सिंग किंवा लेझर झालेलं
- दिवसभर उन्हात काम असलेले आणि सनस्क्रीन लावणार नाही म्हणणारे
- लग्न, हळद, साखरपुडा दोन आठवड्यांच्या आत असलेले
- "गोरी होण्याची क्रीम" लावणारे

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. मेडिकलमधून "गोरं व्हायला" म्हणून आणलेल्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, पिंपल्स येतात. सरकारने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी काउंटरवर काय चालतं, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. अशा पातळ झालेल्या चेहऱ्यावर सौम्य पीलसुद्धा सौम्य राहत नाही. त्या मुलीच्या ट्यूबमध्येही हेच निघालं. "घरी काय लावता? ट्यूबचा फोटो दाखवा," एवढं विचारलं असतं तर ते पील झालंच नसतं.

बाटलीवर पत्ता नसेल तर पैसे वाचले म्हणू नका

अकोल्याची बातमी आठवते का? २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम लावत होत्या. तिघींच्या किडन्यांना त्रास झाला. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांपर्यंत प्रकरण आलं आणि क्रीममध्ये पारा सापडला. ते पील नव्हतं, क्रीम होती. पण धंद्याचा धडा तोच आहे. ती क्रीम कोणा अनोळखी माणसाने दिली नव्हती. विश्वासाच्या पार्लरमधून आली होती.

आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० आहेत. पाऱ्याची संयुगं घालून कॉस्मेटिक बनवायला बंदी आहे. नकळत आलेला पारासुद्धा डोळ्यांसाठीची उत्पादनं सोडली तर दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, कधीपर्यंत वापरायचं आणि घटकांची यादी हवी. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. हे नसलेली बाटली आज मी दुकानात ठेवत नाही. एजंट म्हणतो, "मॅडम, बाकी सगळे ठेवतात." मी म्हणते, मग त्यांनाच द्या.

पैशाचं बोलू या

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण धंदा? चला, वही काढा. आकडे आमच्या भागातल्या छोट्या पार्लरचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

कडक पील: गिऱ्हाईकाकडून १५००, माल १५०. हातात १३५०, वेळ ४० मिनिटं.
सौम्य पील: एका सिटिंगचे ७००, माल ११०. हातात ५९०, वेळ तेवढाच.

कागदावर कडक पील जिंकतं, दर सिटिंगला ७६० रुपयांनी. हे मी लपवत नाही. लपवलं तर पहिल्याच महिन्यात तुम्ही मला खोटं ठरवाल.

पण त्या ताईचं पुढे काय झालं ते ऐका. त्या घरातली आणि नात्यातली मिळून तीन लग्नांची ऑर्डर तिच्याकडे होती. पॅकेज १२ हजारांचं, खर्च जाऊन ९ हजार सुटतात. तिन्ही ऑर्डर गेल्या. २७ हजार. ते ७६० ने भागा. ३५-३६ कडक पीलचा जादा नफा एका चेहऱ्यात गेला. परत दिलेले पैसे वेगळे. आणि गावात जे बोललं गेलं, त्याचा हिशोब वहीत मांडता येत नाही. आमच्याकडे सीवूड्स स्टेशनच्या बाजूला टॉवर उभे राहिले असतील, पण गावठाणात बातमी अजून विहिरीवरच्यासारखीच फिरते.

वर कायदाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल गिऱ्हाईक जिल्हा आयोगात जाऊ शकतं. "साइड इफेक्ट झिरो, सात दिवसांत डाग गायब" असं बोर्डावर लिहिलं असेल, तर तो बोर्डच तुमच्याविरुद्ध पुरावा होतो.

उलट सौम्य पीलचं गिऱ्हाईक तीन-चार आठवड्यांनी परत येतं. चार वेळा आलं की सनस्क्रीन घेतं, आयब्रो करतं, बहिणीला आणतं. सावकाश येणारा पैसा आहे, पण गावात मान खाली घालून चालावं लागत नाही.

"डॉक्टर लोक स्वतःचा धंदा राखतात"

हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. त्यात थोडं खरं असेलही. पण भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये पीलसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती प्रशिक्षित डॉक्टरांना धरूनच लिहिली आहेत, कारण काही बिघडलं तर औषध त्यांनाच देता येतं. आपल्याला देता येत नाही. आपली हद्द तिथे संपते. अमेरिकेच्या एफडीएनेसुद्धा २०२४ मध्ये लोकांना इशारा दिला की तीव्र पील ऑनलाइन मागवून तज्ज्ञाशिवाय वापरू नका. तेच प्रकार आपल्याकडे घरपोच येतात.

"गरीब गिऱ्हाईकाला डॉक्टर परवडत नाही," हा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून परत पाठवताना हात हलवत पाठवू नका. आमच्याकडे नेरूळला डी. वाय. पाटील हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाचा विभाग आहे. तुमच्या गावाजवळचं सरकारी किंवा कॉलेजचं हॉस्पिटल कुठलं, तिथे स्किनची ओपीडी कधी असते, ते आधी विचारून ठेवा. ते चिठ्ठीवर लिहून द्या. त्या चिठ्ठीला काही खर्च नाही, आणि ज्याला ती दिली तो तुम्हाला विसरत नाही.

सुरू करायचंच असेल तर

एकच आम्ल घ्या, मँडेलिक किंवा लॅक्टिक, कमी टक्क्यांचं, पूर्ण लेबलवालं. कानामागे पॅच टेस्ट करून दोन दिवस थांबा. पहिल्या वेळी एक मिनिट पुरे. घड्याळ लावा, अंदाजाने चालू नका. जळजळ वाढली की वेळ व्हायची वाट न बघता काढा. सनस्क्रीनशिवाय पील देऊ नका. ते किमतीतच धरा. दुसऱ्या दिवशी फोन करून चेहरा कसा आहे विचारा. घरी काय लावतात, कोणती गोळी चालू आहे, हे विचारून लिहून घ्या आणि सही घ्या. आणि एका दिवसाच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं म्हणून आपण तज्ज्ञ झालो, असं स्वतःला तरी सांगू नका.

त्या बाटल्या मी एजंटला परत दिल्या. त्याने पैसे दिले नाहीत, ११ बाटल्यांचं नुकसान मी सोसलं. ती मुलगी आता माझ्या दुकानात येते, सनस्क्रीन घेते. आई अजून येत नाही. दुकानावरून जाते, बघते, पुढे जाते. माझ्या धंद्यातली ही उधारी अजून फिटलेली नाही, म्हणून तुम्हाला हे सांगतेय. तुमच्या वहीत अशी ओळ येऊ देऊ नका.

पुढच्या व्हिडिओत लेबल कसं वाचायचं ते खऱ्या बाटल्या हातात घेऊन दाखवते. तोपर्यंत तुमच्या कपाटातल्या बाटल्या काढा आणि पत्ता शोधा. भेटूच!