बहिर्जींचे मौन आणि वाचकांचे कर्तव्य

नुकतेच गुहागरला जाणे झाले. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलो, तोच काही परिचित वाचकांनी घेरले. विषय निवडणुकीचा किंवा आंब्याच्या भावाचा निघेल, अशी आमची अटकळ होती. निघाला तो एका कादंबरीचा. शिवछत्रपतींचे नजरबाज बहिर्जी नाईक यांच्या जीवनावर रहस्यकथेच्या बाजाने लिहिलेली ती कादंबरी गावात हातोहात फिरत होती आणि तिच्यावरून वाचकांत चक्क दोन तट पडले होते.

महाविद्यालयात शिकणारा एक तरुण म्हणाला, ‘‘शाळेत इतिहासाचे पुस्तक उघडले की झोप येत असे. ही कादंबरी मात्र एका रात्रीत संपविली.’’ एका भगिनीने सांगितले, की त्यांचा मुलगा आता गोपाळगडावर जायचा हट्ट धरून बसला आहे. निवृत्त शिक्षक असलेल्या एका गृहस्थांचा सूर मात्र निराळा होता. त्यांच्या विद्यार्थ्याने निबंधात बहिर्जींच्या तोंडचे एक बाणेदार वाक्य अवतरणचिन्हांत लिहिले. ‘‘हे कोणत्या कागदात आहे?’’ असे विचारता त्याने कादंबरीचे पान दाखविले. त्यावर दुसरे एक ज्येष्ठ वाचक उसळून म्हणाले, ‘‘गुरुजी, आपल्याच वीरांकडे आपण पुरावे मागत बसायचे का?’’

प्रश्न साधा नाही, म्हणूनच त्याचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऐतिहासिक कादंबरीत रहस्य, वेषांतर, भुयारे येणे मराठीला नवे नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’पासून नाथमाधवांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांना शिवकाळाची गोडी लावली ती कादंबरीकारांनीच. बखरकार जेथे थांबतो, तेथे कल्पनेचा दिवा घेऊन पुढे जाण्याचा लेखकाचा अधिकार कोणी नाकारू नये. गुहागरच्या त्या तरुणाची झोप उडविणाऱ्या लेखकाचे ऋण आम्ही आनंदाने मान्य करतो.

परंतु बहिर्जींविषयी इतिहास प्रत्यक्षात किती बोलतो? कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे आपली बखर लिहिली. सुरत मारली असता अगणित द्रव्य मिळेल, ही बातमी बहिर्जींनी महाराजांना आणून दिल्याचे तीत नमूद आहे. त्यानंतर जानेवारी १६६४ मध्ये स्वारी झाली. दुसरा प्रसंग १६७९ च्या जालन्याच्या स्वारीचा. परतीच्या वाटेवर मोगलांनी गाठले, सिधोजी निंबाळकर कामास आले. त्या बिकट वेळी आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविणारा वाटाड्या होता बहिर्जी. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखविली जाते. ती लोकपरंपरा आहे आणि आदरास पात्र आहे. जन्म, बालपण, अखेरचा दिवस यांविषयी मात्र समकालीन कागद मूक आहेत.

हे मौन ही उणीव नव्हे. तेच या माणसाच्या कर्तृत्वाचे प्रमाणपत्र आहे. कौटिल्याने हेराला ‘गूढपुरुष’ म्हटले ते उगीच नव्हे. ज्याच्या नावाचा बोभाटा होतो तो हेर फसलेला असतो. ज्याने राज्यासाठी आपले नाव, रूप आणि कीर्ती तिन्ही झाकून ठेवली, त्याच्या हाती आज आपण खोटे कागद द्यावेत, हा त्याचा गौरव कसा म्हणावा?

शिवाय अशा गौरवाची किंमत कोणीतरी मोजत असते. अनेक कथांत अफजलखानाच्या स्वारीपासून आग्र्याच्या सुटकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी बहिर्जी हजर असतात. आता खानाच्या गोटात जाऊन त्याच्या मनातील कपट हुडकून काढल्याचे श्रेय सभासदाने दिले आहे ते पंताजी गोपीनाथ यांना. कथेच्या सोयीसाठी ते काम बहिर्जींच्या पदरात घातले, की जिवावर उदार होऊन शत्रूच्या छावणीत गेलेला एक खरा मुत्सद्दी आपल्याच घरात विस्मृतीत जातो. एकाच्या पागोट्यात तुरा खोवण्यासाठी दुसऱ्याचे पागोटे उतरविणे हा न्याय नव्हे. स्वराज्य एका अद्भुत पुरुषाच्या चमत्कारांनी उभे राहिले नाही. ज्याने त्याने आपापले काम चोख केले म्हणून ते उभे राहिले.

राहिला त्या ज्येष्ठ वाचकांचा आक्षेप. पुरावा मागणे म्हणजे श्रद्धेला तडा देणे, असे त्यांना वाटते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. भ्रमणध्वनीवरून कादंबरीतले संवाद आज इतिहास म्हणून गावोगाव पोहोचतात. उद्या कोणी अभ्यासक उठून त्यांतील एक वाक्य खोटे ठरवितो आणि ऐकणारा म्हणतो, ‘‘मग सुरतेचे आणि पट्ट्याचेही असेच असेल!’’ खऱ्याला सर्वांत मोठा धोका विरोधकाच्या नकाराचा नसतो. आपणच त्यात मिसळलेल्या खोट्याचा असतो.

या वादाचे उत्तर गुहागरकरांना दूर शोधावे लागणार नाही. इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे १८५८ मध्ये याच गावी जन्मले. मिरजेस संस्कृतचे अध्यापन करता करता त्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरे उलगडली, एकेक पत्र वाचून लावले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड महाराष्ट्राला दिले. बातमी हेच ज्यांचे शस्त्र होते, त्या नाना फडणीसांचे चरित्रही त्यांनी लिहिले. हेच शास्त्रीबोवा नाटककारही होते! १९२० च्या आगेमागे त्यांनी ‘शिवसंभव’ हे नाटक लिहिले आणि ‘मालोजी व शहाजी’ हा इतिहासग्रंथही. नाटकात प्रतिभेला मोकळे सोडले, ग्रंथात तिला लगाम घातला आणि दोहोंची सरमिसळ होऊ दिली नाही. कल्पनेचा आनंद आणि सत्याची निष्ठा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, याचा याहून उत्तम दाखला कोणता?

म्हणून लेखकांना आमची विनंती आहे, की कादंबरीच्या अखेरीस दोन पाने राखून ठेवावीत. कागदात काय आहे आणि आपण काय रचले, हे त्यांत सरळ सांगावे. त्याने कथेची रंगत उणावत नाही, लेखकाची पत मात्र वाढते. ग्रंथालयांनी अशा कादंबरीशेजारीच सभासदाची बखर ठेवावी. ती लहानशी आहे, दोन बैठकांत वाचून होते. गुरुजींनी विद्यार्थ्याच्या निबंधावर केवळ लाल रेघ न मारता तीच बखर त्याच्या हाती द्यावी. आणि तरुण वाचकांनी कादंबरी अवश्य वाचावी, रात्र जागून वाचावी. पण सकाळी उठल्यावर ‘हे कशावरून?’ एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा.

आलेली बातमी पारखून मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा, हा तर नजरबाजाचा पहिला धर्म. बहिर्जींच्या चाहत्यांनी निदान तेवढा तरी त्यांच्याकडून घ्यावा.