फॉर्मवर ‘नाही’ मी लिहिलं

गेले दोन महिने हे लिहू की नको, असं चाललं होतं. शेवटी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही. नाव टाकू नको, बाकी सगळं लिही." म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कुणाचा गुडघा किंवा खुबा बदलायचा आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय 46. वर्षभर लंगडत होता. आम्हाला वाटलं, कंबर धरली असेल. एमआरआय केला तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून मेलेलं. डॉक्टर लोक त्याला एव्हीएन म्हणतात. सांधा बदलायचं ठरलं. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं हॉस्पिटल. नाव लिहिणार नाही, कारण दुखणं एका हॉस्पिटलचं नाही.

अ‍ॅडमिट करताना एक शिकाऊ डॉक्टर फॉर्म घेऊन आला. खोलीत वहिनी, दादाची लग्नाची पोरगी, आणि भेटायला आलेली चार माणसं. त्यातले दोघं पोरीला स्थळ आणणारे. सगळ्यांसमोर त्याने मान वर न करता विचारलं, "बीपी? शुगर? तंबाखू? दारू?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे. वहिनी खाली. आणि मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही." फॉर्मही मीच पुढे ओढून भरला. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस मी. दादा रोज संध्याकाळी दोन क्वार्टर संपवतो, हे मला पाठ होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले. त्याच रात्री हात थरथरायला लागले, घाम, झोप नाही. आम्ही म्हणालो, दुखत असेल. तिसऱ्या रात्री दादाला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. वहिनींना ओळखेना. सलाइन उपटली, बेडवरून उतरला आणि पडला. नवा सांधा निखळला. पुन्हा भूल देऊन बसवावा लागला, पुढचे पाच दिवस आयसीयू. बिलाचा आकडा सांगत नाही, एवढंच सांगतो की पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली.

आता यात अनपेक्षित काय होतं? काहीच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की 6 ते 24 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण 48 ते 72 तासांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. हे डॉक्टरकीच्या पुस्तकात छापलेलं आहे. वेळेवर ओळखलं तर औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. नाही ओळखलं तर माणूस जातोसुद्धा. आमचा दादा वाचला, हे नशीब.

त्या रात्री एका पाहुण्याने मला बाजूला घेतलं आणि खिशातली चपटी दाखवली. "थोडी पाज, शांत होईल." मी पाजली नाही, पण खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. गुंगीची औषधं, वेदनेची इंजेक्शनं चालू असताना वरून दारू म्हणजे श्वासच बंद पडायचा धोका. अशी चपटी पाण्याच्या बाटलीतून वॉर्डात जाते, हे आपल्याकडे कुणाला नवीन आहे का?

आता डॉक्टर मंडळींना सरळ विचारतो. 46 वर्षांच्या माणसाचा खुबा गेला. एव्हीएनची कारणं तुम्हीच सांगता: स्टेरॉइड, अपघात, सिकलसेल, आणि दारू. मग दारूचा प्रश्न पाहुण्यांच्या घोळक्यात का? नातेवाइकांना बाहेर काढून दोन मिनिटं एकट्याला का विचारत नाही? जागतिक आरोग्य संघटनेची 10 प्रश्नांची चाचणी आहे, तिचं छोटं रूप फक्त 3 प्रश्नांचं आहे: किती वेळा घेता, एका दिवशी किती घेता, एका बैठकीत सहा-सहा पेग कितीदा होतात. वेळ नाही म्हणू नका. संमतीच्या इंग्रजी कागदांवर दहा सह्या घ्यायला वेळ असतो. पॅकेजच्या जाहिरातीचा मजकूर घेऊन आमच्या ऑफिसात यायलाही असतो.

सांधा बदलणं हे बहुतेक वेळा आजच्या आज करायचं ऑपरेशन नसतं. महिनाभर थांबता येतं. ऑपरेशनच्या आधी साधारण चार आठवडे दारू बंद ठेवली तर गुंतागुंत कमी होते, हेही माहीत आहे. मग तो महिना व्यसनाच्या उपचाराला द्यायला नको? रक्ताची तपासणी, ईसीजी, दाताचा डॉक्टर सगळं होतं. मानसोपचाराची चिठ्ठी मात्र कुणी लिहीत नाही.

काही जण म्हणतील, "दारुड्यांची ऑपरेशनं करायचीच कशाला?" हे कट्ट्यावर बोलायला सोपं आहे. साखर वाढलेल्याला आपण असं म्हणतो का? आधी साखर आटोक्यात आणतो, मग टेबलावर घेतो. तोच न्याय इथे लावा. लाज वाटायला लावलं की माणूस दारू सोडत नाही, फक्त लपवतो. आणि लपवलेली दारूच आमच्यावर उलटली.

लपवण्यामागे अजून एक भीती असते, मेडिक्लेमची. व्यसनाच्या उपचाराचा खर्च पॉलिसीतून वगळलेला असतो, हे खरं. त्यामुळे ‘हो’ म्हटलं तर सगळाच क्लेम जाईल, असं लोकांना वाटतं. सरकार दारूतून महसूल घेणार, विमावाले हप्ते घेणार, आणि माणूस खरं बोलायला घाबरणार. या नियमाचा पुन्हा विचार व्हायला नको का? पण तोवर खोटं बोलू नका. आमचं खोटं एफडीपेक्षा महाग पडलं.

आणि घरी आल्यावर? बघायला येणारे मित्र. "आता काय, नवा पार्ट टाकलाय, बस थोडा." अरे बाबांनो, त्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, वेदनेची गोळी चालू आहे, वर दारू म्हणजे रक्तस्राव आणि लिव्हरचं वाटोळं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाय ओलांडायचा नाही, हे शुद्धीत लक्षात राहत नाही, पिऊन काय राहणार? जखम चिघळून सांध्यात जंतू गेले तर तोच सांधा परत काढायची वेळ येते.

म्हणून घरच्यांनो, डॉक्टरांना एकांतात खरं सांगा, किती आणि किती वर्षं. पिणाऱ्यांनो, आदल्या दिवशी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. आधी सांगा, औषधाच्या आधाराने सोडा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, 14416 वर टेलिमानसचा फोन फुकट आहे.

दादा आता काठीशिवाय चालतो. आज 71 वा दिवस, थेंब नाही. पुढचं तोही सांगू शकत नाही, मीही नाही. पण परवा फेरतपासणीला गेलो तेव्हा पुन्हा तोच फॉर्म आला. पोरगी शेजारी बसलेली. दादाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं: ‘हो. बंद केली आहे.’

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण घरातल्या त्या फॉर्मवर खोटं लिहू नका.