सही जुळत नाही

बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खातं बंद होणं वेगळं आणि निष्क्रिय होणं वेगळं. दोन वर्षं खातेदार फिरकला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं उलटली, की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण पैसे त्याचेच राहतात. त्यानं यावं, ओळख पटवावी आणि ते मागून घ्यावेत. अडचण येते ती सहीची. वीस वर्षांनी आलेल्या माणसाची सही जुन्या कार्डावरच्या सहीशी जुळत नाही. काउंटरवरचा पोरगेला कारकून म्हणतो, ‘काका, पहिल्यासारखी करा.’ काका घाम पुसत तीन-तीनदा प्रयत्न करतात आणि स्वतःच्याच सहीची नक्कल करून बसतात. जाणता अधिकारी अशा वेळी मुकाट्यानं नव्या सहीचं कार्ड पुढे करतो.

हे सारं आठवायला कारण झाला माझा धाकटा भाऊ आणि मुंबईचा एक रॉक बँड.

आमचं घर कर्जतचं. घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं लागायची आणि तेवढ्या वेळात फलाटावर वडे खपायचे, ते कर्जत. घरात गाणं होतं, पण ते भजनाचं. अशा घरात धाकट्यानं गिटार आणली. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला होता. आपल्याकडची मुलं तेव्हा परदेशी गाणीच हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. या मुलांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ साली त्यांचा अल्बमही काढला. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. धाकटा त्यांच्यापायी वेडा झाला होता. धोबी तलावाच्या रंगभवनात कार्यक्रम असला, की हा शंभर किलोमीटरची लोकल पकडून तिथं हजर. परतीची शेवटची गाडी चुकली, तर व्ही. टी. च्या बाकावर रात्र काढून पहाटे घरी.

अशाच एका पहाटे मी त्याला दारात गाठलं. बँकेत नुकता कायम झालो होतो, मोठेपणा अंगात भिनला होता. म्हणालो, ‘या तारा छेडून पोट भरणार आहे का?’ तो काही बोलला नाही. वर्षभरात खोपोलीच्या एका कारखान्यात लागला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या चार स्टेशनांपलीकडे त्यानं पुढं संसार थाटला. गिटार कर्जतच्या माळ्यावर गेली.

तिकडे बँडचंही खातं हळूहळू थंडावलं. १९९३ साली त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, १९९५ साली त्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७ साली मंडळी पांगली. बेनेगल न्यूयॉर्कला गेले. इकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रंगभवनातलं रॉकही थांबलं. २०१० साली मंडळी पुन्हा जमली. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया हे जुने, ड्रम आणि बास गिटारवर तरुण मुलं. २०१२ साली अल्बम आला, ‘इव्हॉल्व्ह’. मधे सतरा वर्षं गेली होती.

पुतण्यानं ती सीडी बापासाठी आणली. रविवार होता, मी खोपोलीला गेलो होतो. धाकट्यानं डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाला, ‘दादा, हे ते नव्हेत.’ मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? माझं तेव्हाचं बोलणं खरं ठरल्यासारखं वाटलं. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. ‘मी चुकलो. मी त्यांच्यात माझं विसावं वर्ष शोधत होतो. ते त्यांच्या वयाचं गातायत.’

चाहत्यांची जुन्या गाण्यांची मागणी खोटी नसते. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला आपल्या तारुण्याची आठवण विकत घ्यावीशी वाटली, तर त्यात गैर काय? आणि जुन्या नावाचं व्याज खाण्यापुरते परतणारेही पुष्कळ असतात. म्हणूनच नवा अल्बम ही खरी परीक्षा. जुनी गाणी वाजवायला आठवण पुरते. नवं रचायला मात्र आज काहीतरी सांगायचं असावं लागतं. ‘रोलिंग स्टोन्स’नं २०२३ साली अठरा वर्षांनंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा मिक जॅगर ऐंशीचे होते आणि त्यांचा ड्रमवादक चार्ली वॉट्स दोन वर्षांपूर्वी वारला होता. नुसती जुनी गाणी वाजवत फिरले असते, तरी मैदानं भरलीच असती. तरीही ते नव्या कार्डावर सही करायला बसले, याचं मला कौतुक वाटतं.

त्या पावसाळ्यात धाकटा कर्जतला आला आणि माळ्यावर चढला. गिटारच्या तारा गंजल्या होत्या, लाकूड वाकलं होतं. दुरुस्तीला लागलेले पैसे मी देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. यंत्रावर राबून राठ झालेली त्याची बोटं तारांवर नीट बसत नव्हती. बऱ्याच खटपटीनंतर चार सूर निघाले. मी म्हटलं, ‘रंगभवनातलं ते वाजव की, तू सारखं वाजवायचास ते.’ तो म्हणाला, ‘ते आता माझ्या बोटात नाही. हे ऐक.’ मी ऐकलं. फार काही ग्रेट नव्हतं. पण ते त्याचं होतं.

पंचविशीतल्या त्या एका वाक्याबद्दल मी त्याची माफी मागायला हवी होती. कर्जाच्या नोटिसा काढण्यात हयात गेली, पण हे माझ्या नावावरचं देणं मी अजून फेडलेलं नाही. त्यानंही कधी तगादा लावला नाही. हा लेख तो वाचेल, एवढीच आशा.

तुमच्याही घरात कुणीतरी माळ्यावरून काहीतरी खाली काढील. हार्मोनियम असेल, रंगाची पेटी असेल, अर्धवट कादंबरीची वही असेल. त्यांना ‘पहिल्यासारखं होऊ दे’ असं म्हणू नका. जुनी सही जुळणार नाही. नवं कार्ड पुढे करा.